अठरा युनिटांची खोली

आर्ब्रोथ
३ नोव्हेंबर

प्रिय थोरा,

लहानपणी आमच्या जिन्याखालच्या कोठीत कोळशाचं पोतं रिकामं व्हायचं, तो आवाज आज सकाळी मला ऐकू आला. आधी दोनचार मोठी ढेकळं आपटल्याचे ठोके, मग लहान तुकड्यांचा घरंगळता खळखळाट, आणि शेवटी नुसती भुकटी, वर्गात कुणी हळूच पुस्तकाचं पान उलटावं तशी. मी अंथरुणात उठून बसलो. मग आठवलं, या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात कोळसा कधी आलाच नाही. हीटरच्या पोटातल्या विटा कुरकुरत होत्या, तेवढंच.

तू म्हणशील, मर्डोचं पत्र म्हणजे आधी पानभर आठवणी आणि मग एक ओळ कामाची. तर कामाचं सांगतो. गेल्या हिवाळ्याच्या तीन महिन्यांचं विजेचं बिल आलं होतं नऊशे पंचेचाळीस पौंड. मी ते चहाच्या डब्याखाली ठेवलं होतं. गेल्या महिन्यात मोरॅग आली आणि माझ्या लेकीनं कधी नव्हे तो स्वतः चहा केला.

"डॅड, एवढं बिल भरतोस आणि घरात ओव्हरकोट घालून बसतोस?" ती म्हणाली. "मग ही ऊब जाते कुठं?"

ब्रिस्टलला तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर म्हाताऱ्यांसाठी एक इमारत आहे. प्रत्येक खोलीत ओढायची दोरी, दोरी ओढली की बाई धावत येते. मोरॅगनं अट घातली. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, या तीन महिन्यांचं बिल सहाशेच्या आत आलं तर ती पुन्हा विषय काढणार नाही. नाही आलं तर ईस्टरला माझं सामान बांधायचं. मी हो म्हणून बसलो. एक्केचाळीस वर्षं पोस्टमन होतो. हातात दिलेलं पोचवायचं, एवढंच मला येतं. दिलेला शब्दही त्यातच आला.

मला हे घर सोडायचं नाही, थोरा. इथून समुद्र दिसतो, अंधार पडला की बेल रॉकच्या दीपगृहाचा दिवा दिसतो, आणि पन्नास वर्षांच्या संसारानंतर इंगा याच घरातून गेली. येत्या फेब्रुवारीत दोन वर्षं होतील.

इंगा म्हणायची, माझी मोठी बहीण आकड्यांना बोलतं करते. तुझ्याही घरात हेच विटांचे हीटर आहेत. मला शिकव. इथं गॅस नाही, धुराडं नाही, सगळं विजेवर. बैठकीच्या खोलीत मोठा हीटर आहे, बोळात धाकटा. माझ्या झोपायच्या खोलीतला मी लावतच नाही, गरम पाण्याची पिशवी पुरते. रात्रीच्या स्वस्त विजेवर विटा तापतात आणि दिवसा ऊब सोडतात, एवढंच मला कळतं. बटणं सगळी इंगा फिरवायची.

तुझा
मर्डो

ता. क. शाळेतली उत्तरवाऱ्याची कविता तिकडं उत्तरेला, तुमच्या ऑर्कनी बेटांवरही होती ना? म्हातारा वाऱ्याला विचारतो, "उत्तरवाऱ्या, उत्तरवाऱ्या, राहशील तू किती?" वारा काय म्हणतो ते मला आठवत नाही. चार दिवस त्याच ओळीच्या कडेला उभा आहे.


स्ट्रोमनेस, ऑर्कनी
९ नोव्हेंबर

मर्डो,

पत्र मिळालं. कोळशाचा भाग गाळून वाचला. नंतर तोही वाचला.

फोन केला नाहीस ते बरं केलंस. मला फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं आवडत नाही.

आता नीट लक्ष दे. हीटरच्या डोक्यावर दोन बटणं आहेत. एक ठरवतं, रात्री किती ऊब भरून घ्यायची. दुसरं ठरवतं, भरलेली ऊब किती सोडायची. तुला संध्याकाळी गारठा वाटला की तू काय करतोस ते मी इथून सांगते. भरायचं बटण टोकाला नेतोस. त्या बटणाला तुझ्या आजच्या गारठ्याचं काहीही देणंघेणं नाही, ते उद्यासाठी आहे. मग सकाळी घराची भट्टी होते, तू खिडकी उघडतोस, बटण शून्यावर आणतोस आणि परवा पुन्हा कुडकुडतोस. तुझं घर कायम कालच्या हवेत जगतं. मालकासारखंच.

या हीटरांशी ज्याला संसार करायचाय त्याला उद्याची थंडी आज ओळखावी लागते. इंगा संध्याकाळी रेडिओवर हवामान ऐकायची ना? ती काही तुझ्यासारखी त्या आवाजात रमून जायची नाही. ऐकायची आणि उठून बटण फिरवायची.

सोडायचं बटण झोपताना बंद. दुपारनंतर थोडंथोडं उघडायचं. पडदा हीटरच्या पुढून लोंबत असेल तर मागं खोच, नाहीतर तू खिडकीच्या काचेला ऊब देतोयस. आणि हीटरवर मोजे वाळत घालू नकोस.

मीटरवर दोन आकडे असतात, रात्रीचा आणि दिवसाचा. आठ दिवस रोज न्याहारीच्या आधी दोन्ही टिपून ठेव. कविता नको, आकडे पाठव.

थोरा

वाऱ्याचं उत्तर मला पाठ आहे. आधी आकडे.


आर्ब्रोथ
२० नोव्हेंबर

प्रिय थोरा,

आकडे घे. रात्री सरासरी चाळीस युनिट. दिवसा पंधरा.

दिवसाचे पंधरा कसे ते मीच सांगून टाकतो, नाहीतर तू काढशीलच. संध्याकाळी सातला बैठकीतला हीटर गार पडतो. मग मी एक तारांचा हीटर भिंतीत खोचतो, तो लाल होऊन पायाशी बसतो. शिकारी कुत्रा म्हातारा झाल्यासारखा. त्याच्याकडे बघता बघता माझे दोन तास जातात. आकडे टिपून झाल्यावर तो मी कपाटात घातला. दोन संध्याकाळी त्याची आठवण आली.

बटणांचं तू लिहिलंस ते शब्दशः खरं निघालं. खिडकीसुद्धा. मला वाटायचं, इंगा हवामान ऐकता ऐकता घरात उगाच फेरी मारते. समुद्रावरच्या वाऱ्यांची नावं ऐकताना मला बाई पिरींचा वर्ग आठवायचा, आम्ही चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणत असू आणि बाहेर बर्फ पडत असायचा. मी त्या वर्गातून परत येईपर्यंत इंगाची फेरी झालेली असायची. पन्नास वर्षांत एकदाही विचारलं नाही, कुठं जाऊन आलीस म्हणून.

आता सगळं तुझ्या हुकमाप्रमाणे आहे. बैठकीतला हीटर निम्मा भरतो. बोळातला चतुर्थांश. पाण्याची टाकी रात्रीच तापते. बाकी काही चालू नाही.

वाऱ्याचं उत्तर?

तुझा
मर्डो


स्ट्रोमनेस
२७ नोव्हेंबर

मर्डो,

बैठकीतला निम्मा म्हणजे बारा युनिट. बोळातला तीन. पाणी सात. झाले बावीस. तुझं मीटर म्हणतं चाळीस.

अठरा युनिट कुठं गेले?

अठरा म्हणजे चूकभूल नव्हे. अठरा म्हणजे एक अख्खा हीटर, रोज रात्री टोकापर्यंत भरलेला. मी तीस वर्षं बंदराच्या कचेरीत बोटींवरचा माल मोजला. कप्तान सांगायचा दोनशे पेट्या आणि बोट पाण्यात बसलेली असायची अडीचशेची. तेव्हा मी कप्तानाला एकच विचारायचे, आत आणखी काय आहे?

आत आणखी कोण आहे, मर्डो? एखाद्या विधवेला आसरा दिला असशील तर सांगून टाक. मी काही म्हणणार नाही. म्हणजे म्हणेन, पण एकदाच.

पाण्याच्या टाकीला जाड आवरण आहे का? नसेल तर घाल. दिवसा पाणी तापवायचं वेगळं बटण असतं, त्यावर चिकटपट्टी लाव.

थोरा


आर्ब्रोथ
८ डिसेंबर

प्रिय थोरा,

टाकीला आवरण घातलं. लाल रंगाचं मिळालं, टाकी आता अंगरखा घातलेल्या आत्याबाईंसारखी दिसते. चिकटपट्टी लावली. पडदे खोचले.

अठरा युनिटांचं म्हणशील तर मीटर जुनं आहे. म्हातारपणी मोजणी चुकते. विधवा वगैरे कुणी नाही. हवा कोरडी आहे, बंदरावर धुरावलेल्या हॅडॉक माशांचा वास येतो, बाकी लिहिण्यासारखं नाही.

मर्डो


स्ट्रोमनेस
१४ डिसेंबर

मर्डो,

चार ओळींचं पत्र, त्यात ना शाळा, ना समुद्र, ना बाई पिरी. एक्केचाळीस वर्षं लोकांची पत्रं वाहिलीस, त्यांतली निम्मी खोटी असतील, तरी तुला खोटं लिहायला आलं नाही.

बोळाच्या टोकाला छोटी खोली आहे. समुद्राकडच्या खिडकीखाली हीटर आहे. मला माहीत आहे, कारण तुमच्याकडे राहिले होते तेव्हा मी त्याच्यावर मोजे वाळवले होते आणि इंगा मला रागावली होती. तिच्या शेवटच्या दुखण्यात तिचा पलंग तिथंच हलवला होतास, हेही मला माहीत आहे. तिनं कळवलं होतं.

तुझ्या यादीत ती खोली नाही.

घाई नाही. सवडीनं लिही. आकडे नसले तरी चालेल.

तुझी
थोरा


आर्ब्रोथ
२९ डिसेंबर

प्रिय थोरा,

तू विचारलंस तसं मोरॅगनं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की नाही, देव जाणे. ती आली की मी त्या दाराला कुलूप लावतो आणि आत जुनं सामान आहे म्हणतो. तुला लिहितो. हे पत्र तू जाळ. धुराडं तुझ्याकडे अजून आहे.

शेवटच्या महिन्यात इंगाला फार थंडी वाजायची. घरभर ऊब असली तरी तिला वाजायची. हात माझ्या हातात द्यायची तेव्हा वाटायचं, सकाळच्या फेरीत हातमोजे विसरून कुणाच्या लोखंडी फाटकाला हात लावला. मी तिच्या खोलीतला हीटर टोकाला लावून ठेवला. एके दिवशी ती म्हणाली, "मर्डो, ही खोली गार होऊ देऊ नकोस हं." मी म्हटलं, नाही होऊ देणार.

नंतर ते बटण मला फिरवता आलं नाही. उन्हाळ्यात एकदा हात नेला होता, तसाच परत आणला. रोज सकाळी मी ते दार वीतभर उघडतो. आतून ऊब येते, भाकरी भाजणाऱ्याच्या दुकानावरून पहाटे जाताना यायची तशी. चेहऱ्यावर घेतो आणि दार लावतो. उंबरा ओलांडलेला नाही. पडदे तेव्हापासून बंद आहेत. तिचा स्वेटर खुर्चीच्या पाठीवर आहे.

आणि मी बैठकीत ओव्हरकोट घालून बसतो. लिहिताना मलाही दिसतंय कसं दिसतं ते. मोरॅगला कळलं तर ती बिलाची वाटच बघणार नाही.

महिना तर गेलाच. हिशेब मला कळतो, ती खोली अशीच राहिली तर सहाशेच्या आत येणं नाही. तू सांग. तू मोठी बहीण आहेस. बंद कर म्हणालीस तर उद्या बंद करीन. त्या वेळी वादळानं बोट अडवली नसती आणि तू तिच्या दफनाला पोचली असतीस, तर मी तेव्हाच तुला विचारलं असतं.

नवीन वर्ष सुखाचं जावो.

मर्डो


स्ट्रोमनेस
६ जानेवारी

प्रिय मर्डो,

पार्सलमध्ये जवाच्या भाकरी आहेत आणि कागदात गुंडाळलेला कोळशाचा एक तुकडा आहे. नव्या वर्षी दारात पहिलं पाऊल टाकणाऱ्यानं कोळसा आणायचा असतो. तुझ्याकडे कोण येणार होतं? जाळायला जागा नसेल तर हीटरवर ठेव. हीटरवर ठेवायला माझी परवानगी असलेली ही एकच वस्तू.

हीटर बंद करू नकोस.

आत जाऊन बस. तुझी खुर्ची ने, चहा ने, रेडिओ ने. खोली गार होऊ देऊ नकोस असं ती म्हणाली. ती रिकामी ठेव असं म्हणाली नव्हती. मी इंगाला तुझ्याआधी ओळखते, दोघी एका पलंगावर झोपायचो. ती माझ्या पोटरीला पाय चिकटवायची. तिला ऊब आवडायची ती कुणाची तरी असलेली. रिकाम्या खोलीत तिनं कधी दिवासुद्धा ठेवला नाही, तुझ्यामागं दिवे विझवत फिरण्यात तिचं आयुष्य गेलं.

तू आत बसलास की खोलीला टोकापर्यंत भरायचं कारण उरणार नाही. निम्म्यात भागेल. बैठकीतला मग जेमतेम ठेव. सहाशेचं बघू.

आता माझं.

त्या दिवशी वादळ नव्हतं. बोट गेली. मी धक्क्यावर होते, काळा कोट घालून, हातात पिशवी. लोक चढले, मग गाड्या चढल्या, मग शिडी उचलली. बोटीवरचा पोरगा ओरडला, "बाई, येताय ना?" मी मान हलवली. समुद्र आरशासारखा होता. घरी आले आणि तुला वादळाची तार केल्यासारखं पत्र लिहिलं.

मी तिला पुरलेलं बघितलं नसतं तर ती दर पंधरवड्याला मला लिहीत राहणार होती. असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. तू खोली तापवत राहिलास, मी बोट सोडली. आपण दोघं एकाच शाळेतले.

त्यानंतर मी धक्क्याकडे फिरकले नाही. पुढंही जाणार नाही, तेव्हा ये म्हणू नकोस. तुझा राग योग्यच असेल.

वाऱ्याचं उत्तर लिहून पाठवत नाही. ती ओळ तोंडानं म्हणायची आहे.

थोरा


आर्ब्रोथ
३१ जानेवारी

प्रिय थोरा,

रागावलो होतो. दोन आठवडे पुरला. दफनाच्या दिवशी चर्चमध्ये पहिल्या रांगेत माझ्या शेजारी एक जागा रिकामी ठेवली होती आणि मी मनातल्या मनात त्या जागेला सांगत होतो, काय करणार, वादळ आहे. तुझं पत्र वाचलं आणि त्या रिकाम्या जागेचाच राग आला. मग भाकरी संपल्या. रागावून तुझ्या भाकरी खाणं मला जमलं नाही. आधी राग संपला की आधी भाकरी, ते आता सांगता येणार नाही.

बावीस तारखेला मी खुर्ची उचलली. दारातून आडवी जाईना, उभी जाईना. शेवटी आधी खुर्चीचा एक हात, मग माझा एक, असा तिरका होऊन आत गेलो, आणि आत गेल्यावर लक्षात आलं की मी आत आलोय.

खूप गरम होतं. मी ओव्हरकोट काढला. मग जाकीट काढलं. पडदा बाजूला केला. खिडकीच्या चौकटीवर, पडद्याच्या आड, पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. इंगाचं अक्षर, बारीक, डावीकडे कललेलं. ईशान्य, पाऊस: ५. नैर्ऋत्य: २. पूर्व, धुकं: ४. वारा नाही, चांदणं: ६. शेवटी, रविवार: एक कमी.

थोरा, ही तिची फेरी. मला काही संदेश नाही, नाव नाही, नुसते वारे आणि बटणाचे आकडे. रविवारचं कोडं मला उलगडायला दोन दिवस लागले. रविवारी ओव्हनमध्ये मांस असायचं, दुपारभर भट्टी चालायची, तिची ऊब घरभर फिरायची. मग हीटरला एक आकडा कमी. पन्नास वर्षं मी रविवारचं जेवलो आणि म्हणत आलो की रविवारी घर कसं वेगळं वाटतं.

आता मी रोज संध्याकाळी हवामान ऐकतो. ऐकतो, बाई पिरींच्या वर्गात जात नाही, उठतो. चौकट बघतो आणि बटण फिरवतो. पूर्वेचा वारा आणि धुकं, चार. दुसऱ्या दिवशी खरंच चार पुरतात. बाई पिरींनी पाठ करून घेतलेलं सगळं विसरलो, हे मात्र एका आठवड्यात पाठ झालं.

दिवसा तिथं बसतो. झोपतो माझ्या खोलीतच. तिचा पलंग आवरून ठेवलाय. स्वेटर हलवला नाही. कोळसा हीटरवर आहे, गरम झाला की त्याला किंचित वास येतो, आमच्या जिन्याखालच्या कोठीचा.

रात्रीचे युनिट आता चोवीस. दिवसाचे सहा.

पत्र लिही. राग उरलेला नाही.

तुझा
मर्डो


आर्ब्रोथ
१८ फेब्रुवारी

प्रिय थोरा,

तुझं पत्र नाही. टपालाला उशीर होतो हे मी कुणाला शिकवावं, तरी रोज खाली जाऊन पेटी बघतो. आता इथं पत्रं आणणारी मुलगी मला म्हणाली, "आजोबा, असेल तर मी वर आणून देईन, जिना चढउतार करू नका." मी पूर्वी हेच वाक्य म्हाताऱ्यांना म्हणायचो.

मोरॅग चार दिवस राहून गेली. इंगाला दोन वर्षं झाली म्हणून आली होती. छोट्या खोलीला कुलूप नव्हतं. ती दारात उभी राहिली, माझी खुर्ची बघितली, स्वेटर बघितला, आणि मला चहा आणून दिला. मग मात्र तिला थंडी वाजली. ब्रिस्टलची माणसं. मी हॅडॉक आणायला बंदरावर गेलो होतो तेवढ्यात तिनं घरातले सगळे हीटर टोकाला नेले, कपाटातून तारांचा हीटर काढला आणि टाकीची चिकटपट्टी सोलून दोनदा अंघोळ केली. चार दिवस हेच. मला बोलवेना. ती आईच्या पलंगावर झोपत होती.

मीटरकडे मी बघितलं नाही.

तुझी तब्येत बरी आहे ना? मी काही लागेल असं लिहिलं का? एक ओळ पाठव.

मर्डो


आर्ब्रोथ
६ मार्च

प्रिय थोरा,

अजून पत्र नाही, तरी लिहितो. बिल आलं. ते चहाच्या डब्याखाली न ठेवता मी टेबलावर मधोमध ठेवलं आणि पाकीट फोडायच्या आधी न्याहारी केली, कारण नंतर जाईल की नाही सांगता येत नव्हतं.

सहाशे अकरा पौंड.

बराच वेळ मी छोट्या खोलीत बसलो. समुद्रावर ऊन होतं. नऊशे पंचेचाळीसवरून इथवर आलो म्हणून कुणी पाठ थोपटली असती, पण अट सहाशेची होती आणि मी हो म्हटलं होतं. ब्रिस्टलला चौकट नेता येईल का, असाही विचार मनात आला. नुसता तेवढा लाकडाचा तुकडा कापून. मग मोरॅगला फोन केला. आकडा सांगितला. वर एक शब्द घातला नाही, तिच्या अंघोळीचा तर नाहीच.

पलीकडे कागदाचा आवाज. ती लहानपणापासून आकडेमोड कागदावरच करते, मावशीवर गेली आहे.

"डॅड, मी आले होते त्या चार दिवसांत किती जळले असतील?"

"मी बघितलं नाही."

"तू बघितलं असशील. तू आता दिवसातून दोनदा बघतोस."

"मोरॅग, सहाशे अकरा म्हणजे सहाशे अकरा."

"ते अकरा पौंड माझे आहेत," ती म्हणाली. "मी पाठवून देते. आणि ऐक. तुझी ती खुर्ची, आईच्या खोलीतली. तिची उशी फाटली आहे, नवी शिवून घे. आणखी किती वर्षं बसायचंय तुला तिथं."

एवढंच. ब्रिस्टलचं नाव तिनं घेतलं नाही, मीही नाही. फोन ठेवल्यावर मी बोळातल्या धाकट्या हीटरला थोपटलं.

तुला हे आधी सांगायचं होतं. इथं सांगण्यासारखं दुसरं कुणी नाही असं नाही, पण अठरा युनिट तू शोधलेस. तू येणार नाहीस हे मला माहीत आहे आणि मी ये म्हणणार नाही. फक्त एक कळवून ठेवतो, त्या खोलीतल्या पलंगावरची चादर मी काल बदलली. रेडिओ म्हणतो उद्या उत्तरेचा वारा. चौकटीवर उत्तरेपुढं आकडा नाही. इतके सगळे वारे लिहिले आणि नेमका तुमच्याकडचा राहिला. किती लावू ते

दाराची घंटा वाजली. थांब, खालच्या दाराची आहे.

थोरा, हे मी पुन्हा टेबलाशी येऊन उभ्यानं लिहितोय, अक्षराला हसू नकोस. खालून बोलायचं ते यंत्र उचललं आणि विचारलं, "कोण?" आधी खोकला आला. मग आवाज आला, "उत्तरवारा. दार उघड."

मला दुसरं काही सुचेना. बटण दाबायच्या आधी मी म्हटलं, "उत्तरवाऱ्या, उत्तरवाऱ्या, राहशील तू किती?"

त्या यंत्रात बराच वेळ नुसती समुद्राकडची हवा घरघरत राहिली. मला वाटलं, तू गेलीस.

मग तू म्हणालीस, "ऊब तुझी ही सरेपर्यंत, केटली होईतो रिती. आता उघड मेल्या, माझे पाय अजून बोटीवरच आहेत."

दार उघडलंय. ही ओळ पुन्हा हरवायच्या आत लिहून घेतो. जिन्यावर तुझी पावलं ऐकू येतायत. पहिला मजला झाला. दुसऱ्यावर थांबलीस. ऊब सरेपर्यंतच राहायचं म्हणतेस, तर ती इथं संध्याकाळी सातला सरते, आणि रात्री पुन्हा भरते. रोज.

पिशवी तिथंच ठेव. मी खाली येतोय.